पायी नर्मदा परिक्रमा : लोकांच्या घरी मुक्काम करताना कसं वागावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

येत्या कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वरहून पायी परिक्रमा उचलायचं नक्की केलंय. वय ४७, नोकरी सोडलीये, मुलगा कमावता झालाय, घरचे हो म्हणालेत. मार्गाची माहिती बरीच जमवली, म्हणजे मैया (नर्मदा) कायम उजव्या हाताला ठेवायची, पात्र ओलांडायचं नाही, उपनद्या ओलांडल्या तर चालतं, ओंकारेश्वराचं देऊळ बेटावर असल्यामुळे दर्शन संकल्पाच्या आधीच उरकायचं आणि मग थेट शेवटी जल चढवायलाच जायचं, हे सगळं पाठ झालंय. पण मला जे विचारायचंय ते कुठेच नीट सापडत नाहीये म्हणून इथे लिहितेय, थोडं मोठं होईल.

गेल्या जानेवारीत अंदाज घ्यावा म्हणून मी आणि एक मैत्रीण दक्षिण तटाने सहा दिवस नुसत्या चालून आलो, संकल्प वगैरे काही नव्हता. शेवटच्या दिवसाआधी, बडवानीच्या अलीकडे, आम्हाला अंधार पडला आणि पुढचा आश्रम अजून चारपाच किलोमीटर होता. एका अंगणातून एका आजीनं हाक मारली, नर्मदे हर मैयाजी, कहाँ जाओगे इतने अंधेरे में, आसन यहीं लगा लो. दोन खोल्यांचं घर, मुलगा-सून मजुरीला बाहेरगावी, आजी आणि सहासात वर्षांची नात दोघीच. तिनं चुलीवर मक्याच्या रोट्या केल्या, आम्ही दोघी पोटभर जेवलो आणि दोन गोधड्या घेऊन झोपलो. रात्री मला जाग आली तर आजी नातीला पोटाशी घेऊन चुलीजवळ पोतं पांघरून झोपलेली. घरात गोधड्या दोनच होत्या आणि त्या दोन्ही आमच्या अंगावर. मी उठून एक तिच्यावर टाकली तर ती जागी झाली आणि परत आणून माझ्याच अंगावर घातली.

सकाळी निघताना मी गुपचूप पाचशेची नोट चुलीजवळच्या डब्याखाली ठेवली. आम्ही अर्धा किलोमीटर गेलो असू तर आजी अनवाणी धावत आली मागून, नोट माझ्या हातात कोंबली, म्हणाली हम तो मैया का दिया खाते हैं बेटा, तुमसे क्या लें. डोळ्यात पाणी होतं तिच्या. आणि वर पदरातले दोन पेरू दिले. मला आजपर्यंत इतकं ओशाळल्यासारखं कधी झालं नव्हतं, मी तिच्या घराची खानावळ करून टाकली असं वाटत राहिलं.

तर प्रश्न हा की नदीच १३१२ किलोमीटर, दोन्ही तट धरले की २६०० च्या वर, म्हणजे चारपाच महिने रोज कोणाच्या तरी दारात उभं राहायचं. आश्रम, धर्मशाळा, अन्नक्षेत्रं आहेत ते माहितीये, पण दर रात्री ते गाठता येणार नाहीत. ज्यांच्याकडे आपल्यापेक्षा कितीतरी कमी आहे त्यांच्याकडून घ्यायचं कसं आणि परत काय द्यायचं, की ते दुखावणार नाहीत? स्वतःहून दार वाजवून विचारलेलं चालतं का कोणी बोलावेपर्यंत थांबायचं? आणि अजून दोन. शूलपाणी झाडीतून, म्हणजे बडवानीच्या पुढच्या डोंगर-जंगलातून जावं का प्रकाशा गावावरून रस्त्यानं, मैत्रीण येणार नाहीये म्हणून विचारतेय. आणि पाळीचं काय करतात बायका, माझी अजून सुरू आहे. प्लीज ज्यांनी पायी केलीये त्यांनीच लिहा.

प्रतिसाद १

ताई, मी २०१८ ला केली, १३२ दिवस लागले. आधी मुक्कामाचं सांगतो. चार-साडेचारलाच मुक्काम शोधायला लागायचं, अंधार पडू द्यायचा नाही. उशिरा गेलं की घरच्यांना नाही म्हणणं जड जातं आणि त्यांची झालेली चूल परत पेटवायला लागते. गावात शिरलं की आधी मंदिर बघा, मंदिर नसेल तर शाळा किंवा पंचायतीची जागा, आणि तिथे कोणी बसलेलं असेल त्याला फक्त एवढं विचारायचं की आसन कुठे लावता येईल. जेवणाबद्दल अवाक्षर नाही. आसन म्हणजे नुसती पाठ टेकायची जागा, ती द्यायला कोणालाच कठीण पडत नाही, आणि जेवणाचं ज्याला जमतं तो स्वतःच विचारतो. कोणी विचारतील भोजन बना हुआ लोगे या सदाव्रत, म्हणजे पीठ डाळ तांदूळ देतील, तुम्ही शिजवायचं. छोटं घर असेल तर सदाव्रतच म्हणा, आणि मग घरातल्या बाईबरोबर बसून दोघींनी मिळून करा. मी पुरुष असून पोळ्या लाटल्या आहेत लोकांच्या चुलीपुढे, सगळं घर जमायचं बघायला.

झाडीतूनच जा. पण एकटीनं नाही, बडवानीला किंवा पाटी गावाला एकदोन दिवस थांबा, जाणारा ग्रुप मिळतोच. पूर्वी तिथे अंगावरचे कपडेसुद्धा लुटायचे, तो काळ गेला, आता त्याच डोंगरात सेवेची ठिकाणं आहेत. सरदार सरोवराचं पाणी चढलं आणि काठाची जुनी वाट गेली, शूलपाणेश्वराचं जुनं देऊळसुद्धा बुडालं, नवं आता गोरा गावाजवळ आहे. त्यामुळे वाट डोंगरावरून चढउताराची झालीये, धडगावकडचे पाडे विखुरलेले, एक घर या टेकडीवर तर दुसरं पलीकडच्या, पाणी भरून घेतल्याशिवाय निघू नका. मला सगळ्यात जास्त हे लागलं की धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्याच लोकांच्या घरी आपण भाकरी खातो. त्याची जाणीव ठेवून खा, एवढंच म्हणतो.

आणि विमलेश्वरच्या बाजूला, मैया समुद्राला मिळते तिथे, नावेसाठी वेळ हातात ठेवा. समुद्रातून पलीकडे उत्तर तटावर मिठी तलाईला जायचं असतं, नाव भरती बघून सुटते, कधी मध्यरात्री उठवतात तर कधी दोन दिवस बसून राहावं लागतं.

प्रतिसाद २

मी आणि माझी बहीण मिळून केली, तेव्हा मी ५१ ची आणि ती ४४ ची. तुझा आजीचा किस्सा वाचून रडू आलं गं. अगं पण उत्तर तिच्या घरातच होतं, नात होती ना! मैया स्वतः कुमारिका, त्यामुळे परिक्रमेत कन्यापूजन आहेच. सकाळी निघताना त्या पोरीला पाटावर बसव, पाय धू, कुंकू लाव, नमस्कार कर आणि दक्षिणा तिच्या हातात ठेव. कोणीही परत करत नाही, उलट आजीच पोरीला सांगते नीट बस म्हणून. आम्ही दोघी कुंकवाची डबी आणि सुटे पैसे, दहा-वीस-पन्नासच्या नोटा, वेगळ्या पिशवीत ठेवायचो. पाचशेची नोट एकदम नको, ती हिशोब चुकता केल्यासारखी दिसते, तुझं तेच झालं.

मुलगी नसेल घरात तर अंगण झाड, भांडी घास, पाणी भरून आण. पहिल्यांदा नको नको म्हणतात पण हातातला झाडू सोडायचा नाही. आणि फोनवर फोटो काढलास तर पत्ता लिहून घे आणि घरी आल्यावर प्रिंट काढून पोस्टानं पाठव, आम्ही साठेक पाठवले, त्यातल्या कितीतरी घरांतून अजून फोन येतात. एक मात्र करू नकोस, वाटेत धावत येणाऱ्या मुलांना गोळ्या बिस्किटं वाटत जाऊ नकोस. एवढे लोक वाटतात की पोरं शाळा सोडून वाटेवर उभी असतात. तेच पैसे एखाद्या शाळेत वह्यांसाठी मास्तरांकडे दे.

पाळीचं. काही आश्रमात स्पष्ट विचारतात आणि वेगळी ओसरी देतात, एकदोन ठिकाणी पुढे जा म्हणाले, ते मनाला लागलं, खोटं कशाला बोलू. आम्ही चार दिवस पूजा एकमेकींकडे द्यायचो, तू एकटी आहेस तर पूजेतली नर्मदाजलाची बाटली नुसती नीट बांधून ठेव आणि चालत राहा. घरांमधे मात्र आम्हाला कोणी कधी विचारलं नाही. पॅड मोठ्या गावातच मिळतात, झाडीत शिरायच्या आधी पुरेसे घेऊन ठेव, कपडाही ठेव. आणि घरी मुक्काम असला की संडासचं आधीच घरातल्या बाईला विचारून घे, लाजू नकोस, ती सोबत येते.

प्रतिसाद ३

मला थोडं वेगळं वाटतं. गरीब घरात राहूच नये. आपण एक रात्र राहून भारावून जातो पण हंगामात त्या वाटेनं रोज माणसं जातात, त्या आजीनं किती जणांना गोधड्या द्यायच्या? दिवसाचं चालणं १८-२० किलोमीटरवर आणा, आश्रम ते आश्रम असंच आखा, दक्षिणा तिथल्या पेटीत टाका.

प्रतिसाद १ (परत)

तुमचा मुद्दा पटतो, विशेषतः संख्येचा. हंगामात मोठा ग्रुप असेल तर आश्रमच, त्यात वाद नाही. पण एखाद्या आजीनं हाक मारली आणि तुम्ही नाही म्हणून पुढे गेलात तर तिलाही लागतं हो, मी गेलोय तसा एकदा, चहालासुद्धा थांबलो नाही, अजून टोचतं. स्वतःहून गरिबाचं दार वाजवू नये आणि बोलावलं तर टाळू नये, मी तरी हे पाळलं. आणि ताई स्वतःचं पांघरूण जवळ हवंच, हलकी स्लीपिंग बॅग घ्या, कोणाची गोधडी घ्यायची वेळच येऊ देऊ नका. पाठीवर सगळं मिळून सहासात किलोच्या वर नको, आणि बूट एक नंबर मोठे, पाय सुजतात.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. कन्यापूजनाचं माझ्या डोक्यात कसं आलं नाही, ती पोरगी तर सकाळी माझ्या शेजारीच बसून माझी वेणी घालत होती. प्रतिसाद ३ चंही पटलं, त्यामुळे मुक्काम आश्रम धरूनच आखतेय, घर लागलं तर वरच्यासारखं. झाडीसाठी बडवानीला थांबेन.

दक्षिण तटानंच जायचं म्हणजे ते गाव सहाव्या दिवशी परत लागणार. गेले दोन महिने मी जुन्या साड्यांची गोधडी शिवतेय आजीसाठी, ती दोन किलोच्या वर भरतेय. पाठीवरच्या सहा-सातमधे ती धरायची का? पोस्टानं पाठवली असती पण गावाचं नाव सोडून पत्ता काहीच माहीत नाही.

प्रतिसाद २

पाठीवरच ने गं. सहा दिवसांचा तर प्रश्न आहे, तोपर्यंत स्लीपिंग बॅगच्या ऐवजी तीच पांघर, बॅग बडवानीला कोणाकडून तरी पोचवून घे. आणि नातीसाठी फ्रॉक घेऊन जा, आता एक वर्षानं मोठी झाली असेल, त्या मापाचा घे.