मदत हवी आहे: माणसाच्या रूपात राहणाऱ्या परग्रहवासीयाची विनोदी मालिका कोणती? (तातडीचं)

वाशिष्ठी
रविवारी संहिता द्यायची आहे आणि आज बुधवार. एकांकिका लिहून झाली आहे, तालमी सुरू आहेत. काल आमच्यातलाच एकजण म्हणाला की ही अख्खी गोष्ट एका अमेरिकन मालिकेतून उचललेली आहे, परीक्षक पाच मिनिटांत ओळखतील. मी अशी मालिका कधीच पाहिलेली नाही. त्याला नाव आठवत नाही. परग्रहवासी माणसाचं रूप घेऊन गावात राहतो आणि विनोदी आहे, एवढंच तो सांगतो. कोणती मालिका? आणि आमची एकांकिका बाद होईल का? लवकर सांगा.

जुना_प्रेक्षक
मॉर्क अँड मिंडी. दुसरी असूच शकत नाही. १९७८ ते १९८२, रॉबिन विल्यम्स. ऑर्क ग्रहावरून अंड्याच्या आकाराच्या यानातून येतो, कोलोरॅडोतल्या बोल्डर गावात मिंडीच्या घरी राहतो, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी ऑर्सन नावाच्या वरिष्ठाला माणसांबद्दल अहवाल देतो. तुमच्या एकांकिकेत शेवटी अहवाल आहे का? असेल तर ओळखतील.

ओहायोकर
'असूच शकत नाही' कसं म्हणता? थर्ड रॉक फ्रॉम द सन विसरलात. १९९६ ते २००१, १३९ भाग. चौघं परग्रहवासी कुटुंब म्हणून ओहायोतल्या एका काल्पनिक गावात राहतात. जॉन लिथगो त्यांचा प्रमुख, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. चौघांत वयाने सगळ्यात मोठा जो, त्यालाच शाळकरी पोराचं शरीर मिळालेलं असतं. मी इथे नवीन आलो तेव्हा पुन्हा पुन्हा बघायचो. शेजाऱ्यांकडे जेवायला गेल्यावर काय बोलायचं हे जसं मला कळत नव्हतं, तसं त्यांनाही कळत नव्हतं. फार आधार वाटायचा.

जुना_प्रेक्षक
आधी कोण आलं याला महत्त्व आहे की नाही?

ओहायोकर
मग माय फेव्हरिट मार्शन घ्या, १९६३. मॉर्कच्या पंधरा वर्षं आधी. मंगळावरचा माणूस एका वार्ताहराचा मार्टिनकाका बनून राहतो, डोक्यातून अँटेना बाहेर काढतो आणि आत घेतो.

तिसरी_घंटा
दोघांनीही जरा थांबा. वाशिष्ठीताई, तुम्ही गोष्टच सांगितलेली नाही. तो कोणाचं रूप घेतो? गावात काय काम करतो? त्याचं गुपित कोणाला माहीत असतं? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

वाशिष्ठी
मला वाटलं मालिकेचं नाव पुरेसं आहे. कोकणातली एक वाडी. तो एका डॉक्टरचं रूप घेतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात तीन वर्षं डॉक्टर नाही, म्हणून लोक त्याला सोडतच नाहीत. अहवाल वगैरे काही नाही.

तिसरी_घंटा
मग मित्र म्हणतो ती मालिका मॉर्क नाही आणि थर्ड रॉकही नाही. रेसिडेंट एलियन. २०२१ ते २०२५, चार सीझन, ॲलन ट्युडिक. त्याआधी त्याच नावाचं कॉमिक होतं, २०१२ चं. परग्रहवासी एका डॉक्टरला मारून त्याचं रूप घेतो, कोलोरॅडोतल्या पेशन्स नावाच्या लहान गावात एकटा राहतो. गावच्या डॉक्टरचा मृत्यू होतो आणि लोक त्यालाच दवाखान्यात बसवतात.

एक विचारू? तुमच्या वाडीत लहान मूल आहे का?

वाशिष्ठी
आहे. पहिलीतली मुलगी. तिला एकटीलाच तो खरा कसा आहे ते दिसतं. का?

तिसरी_घंटा
त्या मालिकेतही मॅक्स नावाच्या मुलाला त्याचं खरं रूप दिसतं. बाकी गावाला दिसत नाही.

कोथरूडकर_काका
आता मात्र अवघड आहे. डॉक्टरही आणि मूलही. न बघता दोन्ही जुळतं हे परीक्षकांना पटणार नाही. मलाही पटत नाही, स्पष्टच सांगतो.

वाशिष्ठी
काका, तुम्हाला पटो न पटो. आमची आजी अंधार पडला की आम्हाला माजघरात घ्यायची आणि सांगायची, लहान पोरांना आणि कुत्र्यांना दिसतं, मोठ्यांना दिसत नाही. माझी मुलगी तिथून आली. आणि डॉक्टर घेतला कारण आमच्याकडे खरंच डॉक्टर टिकत नाही, सर्पदंश झाला तरी माणसाला गाडी करून चिपळूणला न्यावं लागतं. हे मी कुठल्या मालिकेतून घेणार?

कोथरूडकर_काका
राग नका मानू. माझा विश्वास बसला. पण हा खुलासा परीक्षकांसमोर करायला तुम्ही रंगमंचावर नसणार.

मुक्ताई_९
पण वेष बदलून येणारा ही गोष्ट अमेरिकेची कधीपासून झाली? दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारं लुटू दिली तेव्हा विठोबा विठू महार होऊन बिदरला गेला आणि पैसे भरून पावती घेऊन आला. श्रियाळ-चांगुणेच्या घरी शंकर अतिथी होऊन आला. उचलली असेल तर आपल्याकडूनच त्यांनी उचलली!

तिसरी_घंटा
मुक्ताई, कथा सुंदर आहे पण तिचा प्रकार वेगळा आहे. विठू महाराला सगळं माहीत असतं, माहीत नसतं ते बादशहाला. परग्रहवासीयाला काहीच माहीत नसतं, आणि माहीत नसतानाही सगळं माहीत असल्यासारखं वागावं लागतं. विनोद त्यातून निघतो. मॉर्क डोक्यावर उभा राहून बसतो, कारण बसणं म्हणजे काय हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. देवाच्या कथेत आपण हात जोडतो, इथे आपण आपल्याच सवयींकडे पहिल्यांदा बघतो.

मुक्ताई_९
पटलं. तरी विठू महार लिहून ठेवा कुठेतरी, वाडीतल्या म्हातारीच्या तोंडी. तिला तो देवच वाटेल.

न्यायप्रविष्ट
बाद होण्याबद्दल कोणीच बोललं नाही. कायद्यात नुसत्या कल्पनेवर हक्क नसतो, मांडणीवर असतो. सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा निकाल आहे, आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स. नाटककाराचं म्हणणं होतं की 'हम हिंदुस्तानी' या त्याच्या नाटकावरून 'न्यू दिल्ली' हा चित्रपट काढला. तो हरला. विषय तोच, पण मांडणी वेगळी, असं न्यायालयाने धरलं. आता स्पर्धेचा नियम काय म्हणतो ते सांगा, तो कायद्यापेक्षा कडक असू शकतो.

वाशिष्ठी
"संहिता स्वतंत्र असावी, रूपांतर अथवा आधारित नसावी" आणि खाली लेखकाची सही. सही मी निर्धास्तपणे करेन. पण परीक्षकाने टीव्हीवर आधीच बघितलेली गोष्ट म्हणून बघितलं तर माझ्या मुलांची दोन महिन्यांची मेहनत जाते.

नटराज_साहित्य
परिनिरीक्षण मंडळाकडून संहितेचं प्रमाणपत्र काढलं का? ते आधी बघा, ऐनवेळी धावपळ होते. आणि हिरवा रंग डोळ्यांजवळ लावू नका, घामाने डोळ्यांत उतरतो. आमच्या एका नटाला प्रयोग सोडून विंगेत बसावं लागलं होतं.

वाशिष्ठी
प्रमाणपत्र आहे. हिरवा रंग कोणी विचारला?

ओहायोकर
खरं रूप दाखवूच नका ना. थर्ड रॉकमध्ये ते मुळात जांभळ्या नळ्यांसारखे असतात, पण हे फक्त बोलण्यात येतं. प्रेक्षक आपापलं बघतो. रंगमंचावर तर हे फारच सोपं जाईल, मुलीच्या नजरेवरून कळेल.

जुना_प्रेक्षक
आणि मी म्हणेन अहवाल घालाच. शेवटी स्वगत आलं की एकांकिकेला वजन येतं.

तिसरी_घंटा
नको! आत्ता कुठे एक साम्य कमी करतोय, तर तुम्ही दुसरं घालताय.

माझं मत: मुलगी ठेवा, ती तुमच्या आजीची आहे. डॉक्टर काढा. रेसिडेंट एलियनची ओळख डॉक्टरवरून होते. वाडीत परका माणूस येतो, कोणाच्याही घरात शिरतो आणि काहीही विचारतो, तरी लोक उत्तरं देतात, असं काम शोधा.

शाळामास्तरीण
जनगणना. मी २०११ ला प्रगणक होते. आधी २०१० मध्ये घरयादी झाली, ३५ प्रश्न. मग फेब्रुवारीत माणसं, २९ प्रश्न. घराला जमीन कसली, पाणी कुठून आणता, संडास आहे का, घरात शिजवायला काय वापरता. कुटुंबप्रमुखाशी नातं, मुलं किती झाली, त्यातली हयात किती. एका घरी या शेवटच्या प्रश्नाला बाई उठून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत. मी ओट्यावर बसून राहिले. तुमच्या परग्रहवासीयाला ती आत का गेली हे कळणार नाही, तो तोच प्रश्न मोठ्याने पुन्हा विचारेल.

वाशिष्ठी
बाई, अंगावर काटा आला. पण सगळं बदलायचं म्हणजे तीन दिवसांत?

तिसरी_घंटा
सगळं नाही. दवाखान्याचे प्रवेश घरोघरचे करा. नेपथ्य तेच, एक पडवी, एक ओटा. नटही तेच. आणि बघा, 'मला माणसांची माहिती गोळा करायची आहे' हे तो सरळ खरं सांगू शकतो. लपवायची गरजच उरत नाही.

कोथरूडकर_काका
हे मला आवडलं. २०११ नंतरची जनगणना इतक्या वर्षांनी आता होते आहे, प्रेक्षकाच्या दाराशी येणारा विषय आहे.

शाळामास्तरीण
अजून दोन गोष्टी, उपयोगी पडल्या तर. एक, तेव्हा जन्मस्थान, आधी कुठे राहत होता आणि इथे यायचं कारण हे प्रश्न होते. कारणांचे पर्याय ठरलेले होते: काम, व्यवसाय, शिक्षण, लग्न, जन्मानंतर आले, कुटुंबासोबत आले, इतर. दुसरं, २८ फेब्रुवारीच्या रात्री आम्ही बेघर माणसं मोजली. बसस्टँड, देवळाची पायरी, पुलाखाली. ज्याला घर नाही त्याचीही नोंद व्हायलाच हवी म्हणून. कंदील घेऊन गेलो होतो, झोपलेल्यांना उठवायला जीव होत नव्हता.

वाशिष्ठी
मिळालं. शेवट २८ तारखेच्या रात्रीचा, देवळाच्या पायरीवर. वाडीतलं एकेक घर झालं आहे, मोजायचा राहिलाय तो एकटाच. मुलगी कंदील धरून त्याच्या हातातून तक्ता घेते आणि तिला जमेल तसं अक्षर लावून विचारते. नाव. जन्मस्थान. इथे यायचं कारण.

बाई, एकच सांगा. बेघर माणसाला कुटुंबप्रमुखाशी नातं विचारायचात का, आणि तो एकटा असला तर तिथे काय लिहायचात? आज रात्री तोच प्रवेश लिहायला घेतेय.

शाळामास्तरीण
एकटा असेल तर तोच प्रमुख. 'स्वतः' लिहायचं.