मदत हवी आहे: बटण स्टार्ट गाडीत किल्लीचा पिवळा दिवा लुकलुकतो, गाडी फक्त पहाटेच अडते

नमस्कार मंडळी. गाडीतल्या जाणकारांची मदत हवी आहे आणि जरा लवकर हवी आहे. आईचं डायलिसिस मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सातला साताऱ्यात असतं, आम्ही वाईहून साडेपाचला निघतो. गाडी २०१९ ची पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर, बटण दाबून चालू होणारी. गेल्या तीन आठवड्यांत चार वेळा दारातच अडली.

होतं असं. आई मागे उशीला टेकून बसलेली असते, रिमोट माझ्या पर्समध्ये. मी क्लच पूर्ण दाबून बटण दाबते. मीटरमध्ये किल्लीचं पिवळं चिन्ह लुकलुकायला लागतं, बारीक बीप वाजतो आणि पुढे काहीच नाही. स्टार्टर फिरत नाही, साधी टकटकसुद्धा नाही. एरवी क्लच दाबला की बटणावरचा नारिंगी दिवा हिरवा होतो, तो तेव्हा होत नाही. चार-पाचदा केलं की कधी चालू होते, कधी नाहीच. गेल्या शुक्रवारी मोबाईलच्या उजेडात मॅन्युअल वाचलं, रिमोट बटणाला टेकवून धरला आणि मग बटण दाबलं, तर लगेच चालू झाली! पण तोवर पाऊण तास गेला होता. उशीर झाला की आईची मशीनवरची वेळ तेवढी कमी होते, कारण मागचा पेशंट ताटकळत असतो. तिच्या पायांवर सूज दिसते दुसऱ्या दिवशी.

करून पाहिलेलं: रिमोटचा सेल बदलला (सीआर२०३२, नवा मीटरवर ३.२ व्होल्ट दाखवतो). दुसरा रिमोटही आणून पाहिला, तोच प्रकार. दरवाजे रिमोटच्या बटणाने नेहमी उघडतात. गॅरेजमध्ये स्कॅन केलं, एकही कोड आला नाही, तरी ते म्हणतात किल्लीचं मॉड्यूलच बदला. खर्च मोठा आहे आणि मला ते पटत नाही, कारण दुपारी परतताना गाडी एकदाही अडलेली नाही. गॅरेजात नेली तेव्हाही नाही. फक्त घरी, फक्त पहाटे. कुठे बघू?

*प्रतिसाद:*
ताई, मॉड्यूलला इतक्यात हात लावू देऊ नका. रिमोटने दरवाजे उघडतात म्हणजे अर्धीच यंत्रणा ठीक असल्याचं कळतं. बटण दाबल्यावर गाडीतले अँटेना १२५ किलोहर्ट्‌झवर एक क्षीण हाक देतात, ती जेमतेम मीटर-दोन मीटर पोचते. ती ऐकून रिमोट जागा होतो आणि आपल्याकडे बहुतेक गाड्यांत ४३३ मेगाहर्ट्‌झवर उत्तर देतो. रिमोटचं बटण दाबून दरवाजा उघडायला फक्त हा दुसरा रस्ता लागतो. रिमोट टेकवल्यावर चालू झाली, कारण रिमोटमधल्या ओळख पटवणाऱ्या चिपला सेल लागतच नाही, तिला बटणामागच्या कॉइलकडूनच वीज मिळते. म्हणजे चिप आणि इमोबिलायझर (ओळख पटल्याशिवाय गाडी चालू न होऊ देणारी यंत्रणा) शाबूत आहेत. बिघाड त्या पहिल्या हाकेत आहे. हाक दबते दोन कारणांनी: जवळ काहीतरी विजेचा गोंगाट करतंय, किंवा गाडीच्या बॅटरीत पहाटे जोर नाही. महिन्याभरात काही नवीन बसवलंय का? आणि पहाटे गाडी चालू करण्याआधी बॅटरीवर मीटर लावा. चांगली भरलेली असेल तर १२.६ च्या आसपास हवं.

*आणखी एक प्रतिसाद:*
हिरवा दिवा येत नाही म्हणून क्लचचा स्विचही बघून घ्या, मॅट पेडलखाली सरकली तरी तो पूर्ण दाबला जात नाही. मात्र किल्लीचं चिन्ह लुकलुकतंय तोवर आधी किल्लीचंच बघा. रिमोट पर्समधून काढून हाताशी ठेवा, मोबाईल आणि पॉवरबँकेपासून लांब.

*धागालेखिका:*
दादा, तुमच्या त्या एका प्रश्नानेच उलगडा झाला बहुतेक. महिन्यापूर्वी डॅशकॅम (रस्ता टिपणारा कॅमेरा) बसवलाय! अॅक्सेसरीवाल्याने वायर थेट जोडून पार्किंग मोड चालू ठेवला होता, म्हणजे तो रात्रभर जागाच. बुधवारी पहाटे मीटर लावला तर १२.० व्होल्ट. त्या रात्री डॅशकॅमची वायर काढून ठेवली आणि गुरुवारी त्याच वेळी १२.४ आले. आज सहावी पहाट, दोन्ही डायलिसिस वेळेवर झाली, पिवळं चिन्ह एकदाही नाही. आज बटण हिरवं झालं तेव्हा आई मागून म्हणाली, "लागला गं दिवा." मॅटही सरकलेली होतीच, ती क्लिपने पक्की केली.

मॉड्यूलला नाही म्हणून कळवलं. दोघांचेही मनापासून आभार.

आता दोनच गोष्टी विचारते. बॅटरीला चार वर्षं झाली आहेत आणि रात्रभर काही न जोडताही ती १२.४ च्या वर जात नाही. लोड टेस्ट (भार देऊन बॅटरीची तपासणी) करून घेऊ, की पावसाळ्याआधी सरळ नवीन घालू? आणि डॅशकॅम मला हवाच आहे, हायवेवर पहाटे उलट्या बाजूने ट्रॉल्या येतात. तो इग्निशनबरोबर बंद होणाऱ्या फ्यूजवर घेतला तर पुरेल का, की रिमोटच्या अँटेनापासून वायरही लांबून न्यावी लागेल? कुणी स्वतः जोडलं असेल तर सांगा, मंगळवारच्या आत करून घेते.