रात्रभराची गाडी: पायथ्याशी लावावी की वस्तीत?

पंधरा_किलोची_सॅक

शुक्रवारी संध्याकाळी निघायचं, दोन रात्री डोंगरात काढायच्या, रविवारी अंधार पडायच्या आत खाली, असा आम्हा चौघांचा शिरस्ता. वाट कोणती, पाणी कुठे, मुक्काम कुठे, पाऊस येईल का, यावर आठवडाभर खल चालतो. गाडी कुठे लावायची यावर मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. पायथ्याशी असेलच की जागा.

असते ना. मागच्या खेपेलाही होती. झाडीत शिरलेला मातीचा तुकडा, आठ-दहा गाड्या मावतील एवढा. रविवारी उतरलो तेव्हा लांबूनच मागच्या डाव्या दाराची काच जरा जास्तच स्वच्छ वाटली. जवळ गेलो तर ती नव्हतीच. सीटवर, पट्ट्याच्या बकलात, कपहोल्डरच्या तळाशी गारा पडाव्यात तसे तुकडे. गेलं काय, तर परतीसाठी ठेवलेल्या धुतलेल्या कपड्यांची पिशवी. चोराच्या पदरी चार टी-शर्ट पडले, आमच्या पदरी खिडकीला कचऱ्याची पिशवी चिकटवून भर पावसात चार तासांचा प्रवास.

पण झोंबलं ते वेगळंच. तुकडे गोळा करताना शेजारच्या रिकाम्या जागेत मातीत अर्धे रुतलेले तसेच तुकडे दिसले. ते आमच्या गाडीचे नव्हते, कारण त्यांच्यावर वाळलेली पानं बसली होती. म्हणजे शुक्रवारी मी त्यांच्यावरच उभं राहून डिकी उघडली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत दहा मिनिटं सामान इकडचं तिकडे केलं होतं.

तेव्हापासून माझं मत ठाम झालंय. गाडी रात्रभर ठेवायची असेल तर पायथ्याशी लावू नये. शेवटच्या वस्तीत, माणसांच्या नजरेत, रीतसर विचारून लावावी. उरलेले चार-पाच किलोमीटर चालावेत आणि तो ट्रेकचाच भाग धरावा. ज्यांना पटत नसेल त्यांनी बोला.

घाटवळण

मला पटत नाही, आणि माझ्या बाजूने काच नाही, घोटा आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्यातल्या एकीचा पाय ओल्या दगडावरून सटकला. दोघांच्या खांद्यांवर हात टाकून ती साडेतीन तासांत पायथ्याला आली. शेवटच्या तासात पाऊस लागला, अंगावर कोरडं काही उरलं नव्हतं, ओठ थरथरत होते. गाडी समोर होती. दार उघडलं, हीटर लावला, कोरडं पांघरूण दिलं, सीट मागे करून पाय उंच ठेवला. तुमच्या हिशेबाने तिथून पुढे डांबरी रस्त्यावर आणखी पाच किलोमीटर होते. तिला घेऊन आम्ही काय केलं असतं?

पायथ्यावरची गाडी म्हणजे नुसतं वाहन नव्हे. परतीच्या वाटेवरचा तो शेवटचा निवारा असतो. तुम्ही चार टी-शर्टसाठी तो पाच किलोमीटर लांब नेताय.

गणिताचा_तास

दोघांचंही मान्य, पण थोडे आकडे मांडू.

नाइस्मिथचा नियम ट्रेकर मंडळींना ठाऊक असेलच. 1892 साली या स्कॉटिश गिर्यारोहकाने ठोकताळा दिला: सपाटीवर ताशी साधारण 5 किलोमीटर, वर दर 600 मीटर चढाईला एक तास जादा. म्हणजे धागाकर्त्यांचा रस्ता जाताना एक तास, येताना एक तास. सॅक जड असेल तर सव्वा. कागदावर फार नाही. पण हा तास पडतो कुठे? शुक्रवारी संध्याकाळी उजेड जात असताना आणि रविवारी पाय जड झालेले असताना. वळणावळणाचा अरुंद रस्ता, कडेला पाऊल ठेवायला जागा नाही, पाठीवर काळी सॅक. एकामागोमाग एक, समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने, डोक्याला दिवा आणि सॅकला चमकणारी पट्टी, एवढं तरी पाळणार असाल तर चाला. बहुतेक जण गप्पा मारत तिघे-तिघे रस्ता अडवून चालतात. मला तरी फुटक्या काचेपेक्षा त्याची धास्ती जास्त वाटते.

पंधरा_किलोची_सॅक

@घाटवळण, घोट्याचा मुद्दा बिनतोड आहे, उगाच फाटे फोडत नाही. पण तुमची गाडी तिथे धड होती म्हणून ती निवारा ठरली. त्याच दिवशी काच फुटलेली असती आणि आत पाऊस भरला असता तर? किंवा बॅटरी उतरलेली असती तर? जो निवारा सापडेलच याची खात्री नाही, त्याच्या भरवशावर कोरडे कपडे गाडीत ठेवून वर जाणं ही मुळातली चूक. पांघरूण सॅकमध्ये हवं.

@गणिताचा_तास, अंधारात रस्त्यावर चालू नये हे मान्य. म्हणून तर शुक्रवारी वस्तीतच मुक्काम करून पहाटे निघावं असं माझं म्हणणं.

घाटवळण

म्हणजे दोन रात्रींच्या ट्रेकची एक रात्र गाडीला वाहिली. छान.

खिळा

बॅटरीचा विषय निघालाच आहे तर सांगतो, गाड्यांचं काम हाच माझा धंदा. नीट बंद केलेली, धडधाकट गाडी दोन दिवसांत मरत नाही. घड्याळ, अलार्म, रिमोटचा रिसीव्हर वगैरे धरून उभी गाडी 50 मिलिअँपिअरच्या आसपास किंवा त्याहून कमी करंट ओढते. 48 तासांचा हिशेब 2.4 अँपिअर-अवर. बॅटरी 45 ची असेल तर तिला हे कळतही नाही. पण छताचा 10 वॅटचा जुना बल्ब चालू राहिला तर तोच हिशेब 40 वर जातो, आणि बॅटरी तिथेच झोपते. नव्या गाड्यांत दिवा आपोआप विझतो, जुन्यांत नाही. डिकी घाईत अर्धवट लागली की आतला छोटा दिवा दोन रात्री जळत राहतो, आणि बाहेरून दिसतही नाही. पार्किंगमध्येही चालू राहणारा डॅशकॅम तीन-चार वॅट खातो. बॅटरी तीन-चार वर्षांची असेल आणि वर थंडी असेल तर तेवढंही पुरतं. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी पहाऱ्याचे कॅमेरे चालू ठेवताना परतीच्या अंतराचा हिशेब आधी करावा.

चोर आला की नाही हे नंतर. माझ्याकडे येणाऱ्या दहांतली निम्मी ट्रेकर मंडळी आपल्याच हाताने गाडी बंद पाडून आलेली असतात. (हा आकडा माझ्या डोक्यातला, वहीत नोंद नाही.)

आणखी एक. वाळलेल्या उंच गवतावर गाडी लावू नका, मग ती पायथ्याशी असो की वस्तीत. चढ चढून आलेल्या गाडीच्या पोटाखाली सायलेन्सरच्या लायनीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, तो काहीशे अंशांना तापलेला असतो. गवत त्याला टेकलं की पेटू शकतं, आणि तोवर तुम्ही दोन वळणं वर गेलेले असता.

निवांत_पाऊल

सगळे चोरावरच का घसरलेत कळत नाही. जनावरं विसरलात?

कॅलिफोर्नियातल्या सिक्वोया राष्ट्रीय उद्यानात मिनरल किंग नावाचं खोरं आहे. तिथले मार्मोट, म्हणजे खारीच्या कुळातले मांजराएवढे प्राणी, उन्हाळ्याच्या सुरुवातीला उभ्या गाड्यांच्या खाली शिरून रेडिएटरचे पाइप आणि वायरी कुरतडतात. लोक अख्खी गाडी खालून-वरून ताडपत्रीत गुंडाळून डोंगरात जातात. चित्र पाहिलं तर वाटेल गाडी भेट म्हणून पाठवायचीय. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर किआ नावाचे डोंगरी पोपट वायपरचं आणि खिडकीचं रबर चोचीने सोलतात. योसेमिटीत अंधार पडल्यावर गाडीत खाद्यपदार्थ ठेवायला बंदी आहे, कारण अस्वलं वासावर येऊन दार वाकवतात. टूथपेस्ट आणि साबणाचा वासही त्यांना चालतो. ही जनावरं आपल्या वाटेवर नसतील, पण उंदीर सगळीकडे आहेत आणि गरम इंजिनाच्या उबेला त्यांना वायरीही गोड लागतात.

वस्तीत लावा नाहीतर पायथ्याशी, आधी तिथल्या माणसाला एकच प्रश्न विचारा: "इथे गाड्यांना त्रास कशाचा होतो?" उत्तर कधी चोर, कधी उंदीर, कधी "त्या झाडाची वाळकी फांदी पडते". मला एकदा "रात्री पाणी इथवर येतं" असं उत्तर मिळालं होतं. ती जागा म्हणजे कोरड्या ओढ्याचं पात्र होतं आणि आम्ही दगड टाकून चाकं अडवत होतो!

टाचेला_फोड

+१ ओढ्याला. सपाट, गुळगुळीत, दगड नसलेली मोठी जागा डोंगरात फुकट मिळत नाही, कुणीतरी ती सपाट केलेली असते. बहुतेक वेळा पाण्याने.

मला चिठ्ठीबद्दल विचारायचंय. आमच्या ग्रुपमध्ये समोरच्या काचेखाली कागद ठेवायची पद्धत आहे: किती जण, कुठल्या वाटेने, कधी परतणार. शोध घ्यायची वेळ आली तर उपयोग होतो म्हणतात. बरोबर आहे का?

पंधरा_किलोची_सॅक

अजिबात नको! "रविवारी संध्याकाळपर्यंत इथे कुणी येणार नाही" असं तुम्ही स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवताय.

घाटवळण

इथेही मी उलट बाजूला. शोधपथक सर्वात आधी काय शोधतं? पायथ्याशी उभी असलेली गाडी. गाडी सापडली की माणूस कुठल्या वाटेने शिरला ते कळतं आणि सगळा डोंगर पालथा घालावा लागत नाही. तुमची गाडी पाच किलोमीटर लांब, कुणाच्या तरी अंगणात. कुठल्या वाटेचा माग काढायचा? आणि चिठ्ठीही नाही.

गणिताचा_तास

माहिती हवी, पण ती काचेखाली नको, घरी बसलेल्या माणसाकडे हवी. एका माणसाला लिहून द्या: गाडीचा नंबर, रंग, ती नेमकी कुठे उभी आहे त्याचा फोटो आणि नकाशावरची खूण, कोणत्या वाटेने जाणार, आणि कितीपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं. ही शेवटची वेळ आकड्यात हवी. "उशीर झाला तर बघ" याला अर्थ नाही, ती व्यक्ती रात्रभर "अजून थोडं थांबू" करत बसते. "नऊ वाजता फोन आला नाही तर या नंबरला लाव" असं सांगा. गाडी वस्तीत ठेवली तर ज्यांच्याकडे ठेवली त्यांचाही नंबर त्यातच.

अशाने घाटवळण यांची हरकत बरीचशी मिटते. पूर्ण नाही.

खिळा

चिठ्ठीवरून आठवलं. किल्ली चाकावर ठेवणाऱ्यांनो, चोरसुद्धा आधी तिथेच हात घालतो. बंपरच्या आतही तेच. किल्ल्या दोन न्या, दोन वेगळ्या माणसांकडे, आणि रिमोटची असेल तर पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. पडताना दोघे एकत्र पडत नाहीत सहसा.

बाकी पायथ्याला पोचून सामान लावायची सवय मोडा. वाटेत चहाला थांबता तिथेच काय वर जाणार, काय डिकीत राहणार ते उरकून घ्या. पायथ्यावर गाडी थांबली की फक्त सॅक उचलायची. आत काहीही दिसू देऊ नका. रिकामी पिशवीही नको, कारण ती रिकामी आहे हे फक्त तुम्हाला माहीत असतं. काही जण डॅशबोर्डमधला कप्पा मुद्दाम उघडा ठेवतात, आत काही नाही हे दिसावं म्हणून. माझं मत विचाराल तर त्या कप्प्यात दिवा नाही ना ते आधी बघा.

निवांत_पाऊल

एक राहिलंच. तोंड बाहेरच्या बाजूला करून लावा. रविवारी रात्री, दमलेले, पावसात, मागेपुढे दोन गाड्या खेटलेल्या, आणि तुम्ही उताराकडे रिव्हर्स घेताय, हे चित्र नको. कडाक्याची थंडी असेल तर ओला हँडब्रेक गोठून चिकटतो. सपाट जागा बघा, गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. निघताना दगड काढायला विसरू नका, मी विसरलोय.

टाचेला_फोड

आम्ही एकदा दोन गाड्या केल्या होत्या. डोंगर एका बाजूने चढायचा, दुसऱ्या बाजूने उतरायचा, म्हणून एक गाडी आधीच पलीकडे नेऊन ठेवली. योजना इतकी चोख की सगळ्यांना सांगत सुटलो. रविवारी पलीकडे उतरलो, गाडी जागेवर, काचा शाबूत. तिची किल्ली पहिल्या गाडीत, म्हणजे डोंगराच्या त्या बाजूला.

घाटवळण

😂 याच्यापुढे काच परवडली.

पंधरा_किलोची_सॅक

घरी बोलणं झालं, पुढच्या ट्रेकचं ठरलंय. मत बदललेलं नाही, गाडी वस्तीतच. पण घोट्याचा मुद्दा डोक्यातून जात नव्हता, म्हणून असं करतोय: तिघे सगळ्या सॅक घेऊन पायथ्याशी उतरणार. एक जण गाडी वस्तीत लावून, उजेड असतानाच, मोकळ्या अंगाने चालत येणार. रविवारी तोच पुढे उतरून गाडी पायथ्यापर्यंत आणणार. म्हणजे कुणाला काही झालं तर चालायला लागतील असे पाच किलोमीटर एकट्या सडाफटिंगाचे, जखमीचे नाहीत. कोरडे कपडे आणि पांघरूण सॅकमध्ये. नंबर, फोटो, वेळ माझ्या बहिणीकडे.

घाटवळण

यात जीव आहे. फक्त एक सांगा, गाडी चालवता येणारा एकच असेल आणि घोटा त्याचाच मुरगळला तर?

पंधरा_किलोची_सॅक

चौघांपैकी दोघांना येते. दुसरी किल्ली दुसऱ्याकडे.

घाटवळण

मग त्या दोघांना एकाच ओल्या दगडावरून नेऊ नका.