तारखेचा फॉरमॅट आणि शेल, दोन्ही दुरुस्त करा

दादा, अडतीच्या पावत्यांच्या फाइलनावांना तारीख जोडणारं तुमचं प्लगइन लातूरच्या दुकानातल्या फेडोरा लिनक्सवर चालतं, पण औशाच्या उबुंटू लिनक्सवर '[[' ही कमांड सापडत नाही म्हणून थांबतं. कारण सोपं आहे. प्लगइनमधल्या कमांड 'एसएच' नावाचा शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) चालवतो, आणि फेडोरावर 'एसएच' म्हणजे बॅश हा शेलच असतो. उबुंटूवर 2006 सालच्या 6.10 आवृत्तीपासून तिथं डॅश हा छोटा शेल आहे. त्याला दुहेरी कंस आणि ॲरे कळत नाहीत. प्लगइनच्या पहिल्या ओळीत 'एसएच'ऐवजी बॅश लिहून काम भागेल, पण प्लगइन इतरांनाही देणार असाल तर एकेरी कंस आणि एकच बरोबरचं चिन्ह वापरा. शेलचेक या चुका शोधणाऱ्या साधनातून एकदा काढलंत की बाकीच्या अशा जागाही दिसतील.

वरच्या प्रतिसादात एकानं तारीख देणाऱ्या 'डेट' कमांडचा मोठ्या 'डी'चा (%D) फॉरमॅट सुचवलाय, तो कृपया घेऊ नका. त्यात महिना आधी येतो, वर्ष दोनच आकडी, आणि मधे तिरक्या रेघा. फाइलच्या नावात तिरकी रेघ आली की लिनक्स तिला फोल्डरची वाट समजतं! सध्याचं 05-10-24 (दिवस-महिना-वर्ष) सुद्धा बदलाच: नावानं लावल्यावर दोन हंगामांच्या सोयाबीनच्या पावत्या एकमेकींत मिसळतात. 2024-10-05 असं ठेवलं की क्रम आपोआप लागतो. वेळ जोडायची असेल तर विसर्गासारखे दोन टिंब नकोत, विंडोजवर ती फाइल उघडायची पंचाईत होते.

कालची तारीख काढायला वापरलेला 'डेट'चा '-डी' पर्याय मात्र मॅकवर चालणार नाही. तिथं '-व्ही' लागतो. लिनक्स आणि मॅक दोन्हींसाठी कोडमध्ये वेगळी फांदी (if-else) लिहावी लागेल.