मदत हवी आहे: अपघातानंतर गालाच्या जखमेत बुरशी, पुन्हा पुन्हा कापावं लागतंय

नमस्कार मंडळी,
धाकटा भाऊ गाडीवरून पडला आणि गाल दगडमातीत घासत गेला. जखम धुऊन टाके घातले, अँटिबायोटिक सुरू झाली. पण टाक्यांची कड आधी जांभळट झाली, मग काळी पडली, आणि एकदा ड्रेसिंग सोडलं तर वर कापसासारखा पांढुरका थर. तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट: म्युकरमायकोसिस, म्हणजे काळी बुरशी.

त्याला ना मधुमेह, ना कधी स्टिरॉइड घेतलेलं. म्युकर म्हटलं की २०२१ची कोविडच्या वेळची साथच आठवते, त्यामुळे घरात कुणाचा विश्वासच बसेना.

आता अ‍ॅम्फोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध चालू आहे, तरी दर एक-दोन दिवसांनी ऑपरेशनला नेतात. आई म्हणते, "औषध चालू आहे ना, मग पोराचा चेहरा किती कापायचा?" सर्जनना जरा थांबा म्हणावं का? हे जवळून पाहिलेल्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १
थांबा अजिबात म्हणू नका. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते, तिथे गुठळ्या होतात आणि पुढचं मांस रक्ताविना मरतं. औषध रक्तातूनच जाणार, मग मेलेल्या भागात पोचणार कसं? म्हणून कडेतून ताजं रक्त येईपर्यंत काढतात. आज बरी दिसलेली कड उद्या काळी पडू शकते, त्यामुळे पुन्हा उघडून बघावंच लागतं. चेहरा नंतर प्लास्टिक सर्जरीने सावरता येतो, पण संसर्ग पुरता थांबल्यावरच.

मधुमेहाचं म्हणाल तर माती खोल घुसली की धडधाकट माणसालाही होतो. २०११ साली अमेरिकेत जॉप्लिनला टोर्नेडो आला, तेव्हा १३ जखमींना मातीतल्याच अपोफिसोमायसिस बुरशीने गाठलं. ५ दगावले.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत. अ‍ॅम्फोटेरिसिन किडनीला जड जातं, त्यामुळे क्रिएटिनिन, पोटॅशियम, मॅग्नेशियम वरचेवर तपासतायत ना, हे विचारून घ्या. कुणी व्होरिकोनॅझोल हे बुरशीवरचं दुसरं औषध सुचवलं तर ते म्युकरवर चालत नाही. पुढे गोळ्यांवर आणताना पोसाकोनॅझोल किंवा इसाव्हुकोनॅझोल देतात. जखम गालावर आहे म्हणून डोळ्याकडे लक्ष ठेवा. पापणी सुजली, एकाचे दोन दिसले, नजर अंधुक झाली तर राउंडची वाट न बघता लगेच नर्सला सांगा, रात्र असली तरी.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. आईला प्रतिसाद १ वाचून दाखवला. पोटॅशियमचं आजच विचारतो.