‘वहिवाट’मधली वाट कुठली?

मी इंग्लंडमध्ये राहते. इथे उभ्या गव्हामधून पायवाट जाते आणि कुंपणाशी ‘पब्लिक फुटपाथ’ अशी पाटी असते. कुणीही चालावं. पेरणीसाठी शेतकऱ्याने ती नांगरली, तर 14 दिवसांत पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. एका लेखाचं भाषांतर करते आहे. याला ‘वहिवाट’ म्हणू का?

— नको. वहिवाट म्हणजे वापर, ताबा, कारभार. बडोदा संस्थानात वहिवाटदार हा महालाचा अंमलदार होता आणि गुजरातीत ‘वहीवट’ म्हणजे आजही कारभारच. ‘वाट’ ऐकू येते म्हणून फसू नका. रस्ताच म्हणायचा असतो तेव्हा आपण ‘वहिवाटीचा रस्ता’ म्हणतोच की!

— गावात मात्र ‘वहिवाट अडवली’ म्हटलं की रस्ताच समजतात. आमची अडवली होती, बाभळीचे काटे टाकून. 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे अर्ज केला. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो, हे नशिबाने माहीत होतं. पाहणीला आलेल्यांनी आधी गावनकाशा उलगडला. त्यावर एक तुटक रेघ म्हणजे पायमार्ग, दोन म्हणजे गाडीमार्ग. आमच्या गटात एकही नव्हती! पण बांधालगत गाडीच्या चाकोऱ्या होत्या, वीतभर खोल. त्याच कामी आल्या.

— चाकोरी खरी जमिनीवरची, हे शहरात विसरायलाच होतं. पायंडाही त्याच जातीचा, पडतो तो पायांनीच.

— मूळ प्रश्नाकडे येऊ. वाटेवर हक्क सांगायला 20 वर्षांचा वापर दोन्हीकडे लागतो. आपल्याकडे 1882 चा कायदा, तिकडे 1980 चा. पण आपली वहिवाट बहुधा एका शेतापासून दुसऱ्या शेतापर्यंतची. ती त्या शेतकऱ्याची, रविवारी गड चढायला आलेल्यांची नव्हे. सरकारी मराठीत तिला ‘सुविधाधिकार’ म्हणतात. बांधावर उभं राहून हा शब्द उच्चारणारा माणूस मला अजून भेटायचाय.

— आणि पाणंद? कोकणात दोन गडग्यांमधून, म्हणजे दगडी कुंपणांमधून जाते, गुरं, माणसं, कुणीही. पावसाळ्यात तिचाच व्हाळ, म्हणजे ओढा होतो.

— पाणंद शेतांच्या मधून जाते, शेतातून नाही. यांची वाट तर गव्हातून चाललीय.

मग ‘सार्वजनिक पायवाट’ लिहिते. वहिवाट ठेवते त्या 20 वर्षांच्या वाक्यात.

— तिथे चपखल बसेल. फक्त ‘वहिवाटीचा’ लिहा, ‘वहिवाटेचा’ नको.