शब्दचर्चा: 'प्लांट मॅनेजर'ला मराठीत काय म्हणायचं?

बुटीबोरीकर

मंडळी, एक अडचण आहे. आमचा कारखाना बुटीबोरी एमआयडीसीत. स्टीलच्या कॉइल येतात, त्या चिरून, सपाट करून, भट्टीतून काढून पुढे जातात. गेटजवळ नवा फलक लागणार आहे: अपघात झाला तर कोणाला कळवायचं, त्याचा हुद्दा आणि फोन नंबर. मुख्य कार्यालयातून मजकूर आला तो असा: संयंत्र प्रबंधक, उत्पादन प्रबंधक, परिचालन प्रबंधक, सामग्री प्रबंधक, पाली प्रभारी. वर शीर्षक 'मराठी मजकूर'! मी कुरकुर केली तर साहेब म्हणाले, नागपुरात सगळ्या पाट्यांवर हेच असतं. खरंच असं आहे का? आणि नसेल तर काय लिहू?

महालकर

साहेबांचं निरीक्षण बरोबर, निष्कर्ष चूक. नागपुरात वेस्टर्न कोलफिल्ड्स या कोळसा कंपनीचं मुख्यालय, मॉइल या मँगनीज कंपनीचं मुख्यालय, शिवाय रेल्वे. ही सगळी केंद्राची कार्यालयं, तिथे राजभाषेचा नियम लागतो, म्हणून 'महाप्रबंधक', 'प्रबंध निदेशक' असं लिहिलेलं दिसतं. ते हिंदी आहे. लिपी एकच असल्यामुळे आपण ते नकळत मराठी म्हणून वाचतो. राज्य सरकारच्या दारात जा, शब्द बदलतो. जिल्हा उद्योग केंद्राचा प्रमुख 'महाव्यवस्थापक' आणि राज्याच्या महामंडळांत 'व्यवस्थापकीय संचालक'. कोराडीच्या वीज केंद्रात तर मॅनेजर नाहीच, तिथला प्रमुख 'मुख्य अभियंता'.

मराठीत 'प्रबंध' म्हटलं की पीएचडीचा प्रबंध आठवतो. 'प्रबंधक' म्हणजे तो लिहिणारा असंच कोणाला वाटायचं. तेव्हा 'व्यवस्थापक' लिहा. 'पाली' तर काढाच, आपली 'पाळी' आहे.

एक उगाच आठवलं म्हणून. 1956 पर्यंत नागपूर हिंदी-मराठी अशा दोन्ही भाषांच्या राज्याची राजधानी होतं आणि कोशकार डॉ. रघुवीरांचं परिभाषेचं मोठं काम इथेच चाललं. त्यामुळे या दोन भाषांच्या कारभारी शब्दांची आपल्या गावात सरमिसळ आहे ती आजची नाही.

वेकोली_निवृत्त

महालकर भाऊ, पाट्या हिंदीत होत्या, पण खाली खाणीत कोणी 'प्रबंधक' म्हणाल्याचं मी तरी ऐकलं नाही. 'मॅनेजर साहेब येऊन राहिले' एवढंच.

पण खाणीत हे हुद्दे नुसते मानाचे नसतात, ते कायद्यातले असतात. 1952 च्या खाण कायद्यात प्रत्येक खाणीला एकच मॅनेजर असायचा, आणि तोही ठरलेलं सक्षमता प्रमाणपत्र असलेलाच. त्याच्या खाली ओव्हरमन, त्याच्या खाली सरदार. हा सरदार भोसल्यांच्या दरबारातला नव्हे! आपल्या वाट्याच्या भागात पाळी सुरू होण्याआधी जायचं, वायू तपासायचा, छत ठोकून आवाज ऐकायचा, शंका आली तर माणसं बाहेर काढायची, हे त्याचं काम. त्यासाठी परीक्षा द्यावी लागते, वायू तपासणीचं आणि प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र लागतं.

आता गंमत बघा. सिलेवाडा, सावनेर, उमरेडकडे कोळसा, म्हणून तिथे सरदार आणि ओव्हरमन. त्याच जिल्ह्यात मनसर, कांद्री, गुमगावला मँगनीज. तिथे तेच काम करणारे लोक 'मेट' आणि 'फोरमन', कारण धातूच्या खाणींचे नियम वेगळे आहेत, 1961 चे. दोन भाऊ दोन खाणींत लागले तर एक सरदार, दुसरा मेट. यांना 'पर्यवेक्षक' असं एकच नाव दिलं तर कोणाकडे कोणतं प्रमाणपत्र आहे हेच कळणार नाही. असे शब्द भाषांतराच्या फंदात न पडता जसेच्या तसे ठेवावेत.

हिंगणा_फौंड्री

काकांशी सहमत. आमच्याकडे इंडक्शन भट्टीवर 'मेल्टर' असतो. त्याला 'वितळवणारा' लिहिलं तर तोच हसेल. हुद्द्याने तो मॅनेजमेंटमध्ये येत नाही, पण हीट, म्हणजे एका वेळचा वितळलेला धातू, कधी ओतायची हे प्रॉडक्शन मॅनेजरसुद्धा त्याला विचारूनच ठरवतो.

शब्दकुतूहल

फोरमनच्या आधी काय होतं, तेही बघूया. 'मुकादम' अरबीतून फारसीमार्गे आला. मूळ अर्थ पुढे ठेवलेला, पुढचा. 'सरदार' फारसी. 'मिस्त्री' पोर्तुगिजांकडून. मुंबईच्या गिरण्यांत 'जॉबर', बंगालच्या ताग गिरण्यांत 'सरदार', काही ठिकाणी मुकादम, पण काम तेच: माणसं आणायची, कामावर लावायची, त्यांच्याकडून काम करून घ्यायचं. नोकरी देणं-काढणं त्याच्याच हातात असल्यामुळे दस्तुरीही, म्हणजे कामगारांकडून घेतलेलं कमिशन, त्याच्याच खिशात. 1931 च्या कामगार आयोगाने, ज्याला लोक व्हिटली आयोग म्हणतात, यावर बोट ठेवलं आणि भरतीसाठी वेगळे लेबर ऑफिसर नेमा असं सुचवलं. 1948 च्या कारखाना कायद्यात पाचशे किंवा अधिक कामगार असतील तिथे कल्याण अधिकारी सक्तीचा झाला.

आपल्या एम्प्रेस मिलचं उदाहरण घ्या. 1877 मध्ये जमशेटजी टाटांनी ती सुरू केली तेव्हा मॅनेजर म्हणून नेमले बेझनजी मेहता, रेल्वेतून आलेले, कापडाच्या धंद्यातले नव्हेत. कापडाची तांत्रिक बाजू ब्रुक्सबी नावाच्या इंग्रजाकडे. मॅनेजर म्हणजे यंत्र जाणणारा की माणसं आणि व्यवहार सांभाळणारा, हा वाद तेव्हापासूनचा आहे म्हणायचा.

कायद्याचं_बोला

फलक सुरक्षेचा आहे ना? मग एक हुद्दा राहिलाच: 'भोगवटादार'. सातबारावरचा नव्हे. कारखान्याच्या कारभारावर अंतिम ताबा ज्याचा, तो कायद्याच्या भाषेत भोगवटादार. कंपनी असेल तर तिच्या संचालकांपैकी एक. 'व्यवस्थापक' त्याने नेमायचा आणि निरीक्षकाला कळवायचा. म्हणजे 'कारखाना व्यवस्थापक' हा शब्द तुम्ही कोणाही मॅनेजरला लावू शकत नाही. नेमणुकीत ज्याचं नाव आहे, त्यालाच.

उलट 'सुपरवायझर' हा शब्द कोर्टात फार टिकत नाही. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात देखरेखीचं काम आणि ठरावीक पगाराच्या वर, असं असेल तर तो कामगार ठरत नसे, म्हणजे कामगाराचं संरक्षणही त्याला नसे. ती मर्यादा 2010 मध्ये 1,600 वरून 10,000 रुपये झाली होती. म्हणून पुष्कळ ठिकाणी साध्या ऑपरेटरला सुपरवायझर करून टाकतात. पण न्यायालयं पाटी बघत नाहीत, दिवसभर तो प्रत्यक्ष काय करतो ते बघतात.

बुटीबोरीकर

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. पण प्रॉडक्शन आणि ऑपरेशन्स यांचं काय? आमच्याकडे दोन वेगळी माणसं आहेत.

हिंगणा_फौंड्री

प्रॉडक्शनवाला आजचे टन मोजतो. ऑपरेशन्सवाल्याच्या हाताखाली प्रॉडक्शन, मेंटेनन्स, डिस्पॅच असं सगळं येतं. काही कंपन्यांत प्लांट मॅनेजर आणि ऑपरेशन्स मॅनेजर एकच असतो, म्हणून आधी तुमची उतरंड विचारून घ्या. 'परिचालन' मला कोरडा वाटतो, 'ऑपरेशन्स प्रमुख' चालेल. मटेरियल्सवाल्याला 'खरेदी व भांडार व्यवस्थापक' म्हणा. 'सामग्री' म्हटलं की पूजेची आठवते.

महालकर

'भांडार' सरकारी वाटतं, पण कळतं. चालेल.

बुटीबोरीकर

ठरलं ते असं: कारखाना व्यवस्थापक, ऑपरेशन्स प्रमुख, उत्पादन व्यवस्थापक, खरेदी व भांडार व्यवस्थापक, पाळी प्रमुख. फोरमन तसाच.

वेकोली_निवृत्त

क्रम उलटा कर बाबा. रात्रपाळीत आग लागली तर कारखाना व्यवस्थापक घरी झोपलेला असेल. पाळी प्रमुख सगळ्यात वर घे, त्याचा नंबर सगळ्यात मोठा लिही.

कायद्याचं_बोला

काकांचं ऐका. नेमलेला मॅनेजरच नसेल तर जो ते काम करताना सापडेल त्यालाच 1948 चा कारखाना कायदा मॅनेजर मानायचा, आणि तसा कोणी नसेल तर भोगवटादाराला. त्यामुळे संचालकांचा नंबरही खाली कुठेतरी असू द्या.